लातूर ग्रामीण २०१९: शेवटच्या बटणावर पडलेली २७,५०० मतं

२४ ऑक्टोबर २०१९ रोजी लातूर ग्रामीण विधानसभा मतदारसंघाची मतमोजणी संपली. काँग्रेसचे धीरज देशमुख (विलासराव देशमुखांचे पुत्र) यांना १,३५,००६ मतं मिळाली. युतीतर्फे उभे असलेले शिवसेनेचे सचिन देशमुख १३,५२४ वर थांबले. या दोघांच्या मधे, दुसऱ्या क्रमांकावर, कुणी माणूस नव्हताच. तिथे होता नोटा, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही', २७,५०० मतं घेऊन.

देशभर बातम्या झाल्या. मतदार राजकारणाला विटला, लोकांनी सगळ्याच पक्षांना नाकारलं, असं बहुतेकांनी लिहिलं. लातूर जिल्ह्याचं राजकारण जवळून पाहणाऱ्या कुणालाही हे वाचून चुकचुकल्यासारखं झालं असेल. मला अजूनही होतं, कारण तो अर्थ चूक आहे आणि चूक अर्थ लावल्यामुळे पुढचं, २०२४ चं, काही कळेनासं होतं. ही २७,५०० मतं मुख्यतः एका पक्षाच्या मतदारांची होती. त्यांचा पक्ष कुठेही गेला नव्हता, फक्त त्यांचं चिन्ह यंत्रावरून काढून घेतलं होतं. हे म्हणणं आकड्यांवर टिकतं का, हे तपासायला मतदारसंघ जन्मला तिथून सुरुवात करावी लागते.

दोन गडांच्या सीमेवर

लातूर ग्रामीण हा तसा नवा मतदारसंघ. २००८ च्या पुनर्रचनेत जुना लातूर मतदारसंघ फुटून शहर आणि ग्रामीण असे दोन झाले आणि त्याच वेळी रेणापूर हा मतदारसंघ नकाशावरून गेला. ग्रामीणमध्ये रेणापूर तालुका आला, लातूर तालुक्यातला मुरूड, गातेगावकडचा भाग आला आणि औसा तालुक्यातला भादा परिसर जोडला गेला.

रेणापूर म्हणजे गोपीनाथ मुंडे. १९८० मध्ये ते इथून पहिल्यांदा आमदार झाले, १९८५ ला पडले आणि १९९० पासून २००४ पर्यंत सलग चार वेळा निवडून आले. लातूर म्हणजे विलासराव देशमुख. १९८०, १९८५, १९९० असे तीन विजय, १९९५ ला जनता दलाच्या शिवाजीराव पाटील कव्हेकरांकडून मोठ्या फरकाने पराभव आणि १९९९ ला त्याहून मोठ्या फरकाने पुनरागमन, तेही थेट मुख्यमंत्रिपदापर्यंत. दोघे जिवलग मित्र, दोघे एकमेकांच्या शेजारच्या मतदारसंघात, आणि दोघांनाही आपापल्या गडात एकदा पराभव पाहावा लागलेला. इथला मतदार कुणाच्याही खिशात नाही, हे तेव्हापासूनचं आहे.

पुनर्रचनेने या दोन गडांचे तुकडे एकत्र शिवले. एका अंगाला मांजरा आणि रेणा साखर कारखान्यांच्या भोवती उभं राहिलेलं देशमुखांचं सहकाराचं जाळं: ऊस, जिल्हा बँक, सोसायट्या. दुसऱ्या अंगाला रेणापूर पट्ट्यात मुंडे यांना मानणारा, वंजारी आणि इतर ओबीसी समाजाचा भक्कम आधार असलेला भाजपचा मतदार. असा मतदारसंघ एकतर्फी होणं अवघडच.

झालंही तसंच. २००९ मध्ये युतीत ही जागा भाजपकडे होती. काँग्रेसच्या वैजनाथ शिंदे यांनी भाजपच्या रमेश कराड यांना साडेतेवीस हजारांनी हरवलं. २०१४ ला युती आणि आघाडी दोन्ही मोडल्या, चारही पक्ष वेगळे लढले. काँग्रेसने उमेदवार बदलून त्र्यंबक भिसे यांना दिलं, भाजपने पुन्हा कराडच. भिसे यांना एक लाखाच्या थोडी वर, कराड यांना नव्वद हजारांच्या थोडी वर मतं पडली आणि फरक साडेदहा हजारांवर आला. पाच वर्षांत अंतर निम्म्याहून कमी झालं होतं.

२०१७ ला लातूर जिल्हा परिषद पहिल्यांदाच भाजपकडे गेली. (त्याच निवडणुकीत एकुर्गा गटातून धीरज देशमुख निवडून आले, त्यांच्या राजकारणाची ती सुरुवात.) लोकसभेला लातूर राखीव मतदारसंघ २०१४ ला अडीच लाखांच्या फरकाने भाजपने जिंकला आणि मे २०१९ ला सुधाकर शृंगारे यांनी तो फरक २ लाख ८९ हजारांवर नेला. लातूर ग्रामीण याच लोकसभा मतदारसंघात येतो. म्हणजे विधानसभेच्या पाच महिने आधी भाजप या जिल्ह्यात आजवरच्या सगळ्यात मजबूत अवस्थेत होता. रेणापूर, मुरूडच्या भाजप कार्यकर्त्याला वाटत होतं की यंदा दहा हजारांचा खड्डा भरून निघणार. त्या वाटण्यात वावगं काही नव्हतं.

जागावाटपाच्या टेबलावर

आणि मग जागा गेली शिवसेनेला.

याचं मूळ शेजारच्या औशात आहे. युतीच्या जुन्या वाटणीत औसा सेनेचा. दिनकर माने तिथून १९९९ आणि २००४ ला आमदार होते. २०१९ ला भाजपने ती जागा आपल्याकडे घेतली आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे स्वीय सहायक राहिलेले अभिमन्यू पवार यांना उभं केलं. ते निवडूनही आले. औसा भाजपकडे आला आणि लातूर ग्रामीण सेनेकडे गेला. मुंबईत बसून पाहिलं तर ही साधी अदलाबदल, एकास एक. पण लातूर ग्रामीणमध्ये सेनेची ताकद औशाच्या तुलनेत नगण्य होती आणि भाजपची ताकद विजयाच्या उंबरठ्यावर होती. जिथे आपण जिंकू शकतो ती जागा, जिथे मित्रपक्ष उभाही राहू शकत नाही तिथे, त्याला देऊन टाकली. कार्यकर्त्यांनी याला सरळ 'सेटिंग' म्हटलं, वरच्या पातळीवर देशमुखांना वाट मोकळी करून दिली असा अर्थ काढला. त्याला पुरावा कुणी दिला नाही आणि पुराव्यावाचून मी तो आरोप उचलणार नाही. पण असा समज होता आणि त्याने राग दुप्पट केला, एवढं खरं.

कराड यांची बाजूही सरळ रेषेतली नव्हती. मे २०१८ मध्ये उस्मानाबाद-लातूर-बीड स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघाच्या विधान परिषद निवडणुकीत ते भाजप सोडून राष्ट्रवादीत गेले, उमेदवारी घेतली आणि अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी माघार घेतली. राष्ट्रवादीला ऐनवेळी एका अपक्षाला पाठिंबा द्यावा लागला, भाजपचे सुरेश धस निवडून आले आणि कराड भाजपमध्ये परतले. जागावाटपात या सगळ्याचं वजन त्यांच्या विरोधात पडलं असणं शक्य आहे. मतदाराच्या दृष्टीने मात्र तो मुद्दा गौण होता. त्याला कमळ हवं होतं.

नाराज इच्छुकाने बंड करून अपक्ष उभं राहणं ही आपल्याकडची नेहमीची वाट. २०१९ ला राज्यभर ठिकठिकाणी असे बंडखोर उभे होते. लातूर ग्रामीणमध्ये ती जागा कुणा वजनदार बंडखोराने घेतली नाही. ती नोटाने घेतली.

शेवटची ओळ

नोटा इथे कसा कामाला आला हे कळायला यंत्र डोळ्यासमोर आणावं लागेल. एका बॅलट युनिटवर सोळा ओळी असतात. वर मान्यताप्राप्त राष्ट्रीय आणि राज्य पक्षांचे उमेदवार, त्यांच्याखाली नोंदणीकृत पक्षांचे, मग अपक्ष, प्रत्येक गटात वर्णक्रमाने. आणि सगळ्या नावांच्या खाली, काळी फुली मारलेल्या मतपत्रिकेचं चिन्ह घेऊन, नोटा. ज्याला वाचता येत नाही त्याला इतर उमेदवाराचं बटण समजावून सांगायचं तर चिन्ह दाखवावं लागतं, क्रमांक घोकून घ्यावा लागतो. नोटाचं तसं नाही. 'सगळ्यात खालचं बटण' म्हटलं की झालं. पत्रक लागत नाही, सभा लागत नाही, खर्चाचा हिशेब द्यायला उमेदवारच नाही. ओट्यावर, दुधाच्या डेअरीवर, मळ्यात, कानाला लागून सांगता येईल असा हा प्रचार होता. नोटासाठी पैसे दिले जात असल्याचा आरोप त्या वेळी काँग्रेसच्या बाजूने झाला, ध्वनिचित्रफितीही फिरल्या. तो आरोप करणारा पक्ष त्या दिवशी सव्वा लाखाच्या आघाडीने जिंकत होता हे लक्षात घेतलं, तर नोटाची हवा किती पसरली होती याचा अंदाज येतो.

कायद्याने नोटा अगदीच दुबळा आहे. २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो यंत्रावर आणायला सांगितलं ते मुख्यतः गुप्ततेसाठी. त्याआधी मत न देण्याचा हक्क बजावायचा तर १९६१ च्या नियमांतल्या ४९-ओ प्रमाणे केंद्रावरच्या नोंदवहीत तशी नोंद करावी लागे आणि कोण कुणालाच मत देत नाही हे गावाला कळे. पण विधानसभा-लोकसभेला नोटा पहिला आला तरी निवडून येतो तो सर्वाधिक मतं मिळवणारा उमेदवारच. अनामत रक्कम वाचवायला लागणाऱ्या एक षष्ठांश वैध मतांच्या हिशेबातही नोटा धरत नाहीत. लातूर ग्रामीणमध्ये ती रेषा नोटा वगळून २८-२९ हजारांच्या घरात येते. सेनेच्या उमेदवाराची अनामत अर्थातच गेली.

या दुबळेपणामुळेच तो इथे सोयीचा ठरला असं माझं मत आहे. काँग्रेसला मत द्यायचं म्हणजे आयुष्यभराच्या विरोधकाला मत द्यायचं, ते कट्टर कमळवाल्याच्या हातून होणार नव्हतं. धनुष्यबाण दाबायचा म्हणजे आपल्यावर लादलेला निर्णय पसंत आहे असं सांगायचं. घरी बसायचं तर आपला राग मोजलाच जाणार नाही. नोटात राग मोजला जातो, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येतो आणि पक्षाच्या नेत्याला तो आकडा वाचावाच लागतो.

आकडे काय म्हणतात

२०१९ ला राज्यभरात नोटाला साडेसात लाखांच्या आत, म्हणजे एकूण मतदानाच्या दीड टक्क्यापेक्षाही कमी मतं पडली. लातूर ग्रामीणमध्ये एकूण मतदान दोन लाखांच्या आसपास झालं. राज्याच्या सरासरीने इथे नोटाला अडीच-तीन हजार मतं पडायला हवी होती. पडली त्याच्या दहापट, जवळजवळ १४ टक्के. उमेदवार पसंत नाहीत म्हणून आपल्या मनाने नोटा दाबणारा मतदार सगळीकडे असतो, तो त्या अडीच-तीन हजारांत आला. उरलेल्या पंचवीस हजारांच्या आसपास मतांना दुसरं कारण लागतं.

ते कारण राज्यात आणखी एका ठिकाणी सापडतं आणि तो माझ्या लेखी सगळ्यात बोलका पुरावा आहे. त्याच निवडणुकीत सांगली जिल्ह्यातल्या पलूस-कडेगावमध्येही नोटा दुसरा आला, वीस हजारांवर मतं घेऊन. तिथेही काँग्रेसच्या मोठ्या नेत्याचा मुलगा, विश्वजित कदम, उभा होता. तिथेही भाजपची स्वतःची फळी तयार होती आणि तिथेही जागा शिवसेनेला गेली होती. वीट आल्यामुळे नोटा वाढला असता तर तो २८८ जागांवर थोडाथोडा वाढला असता. वाढला तो नेमका अशाच दोन ठिकाणी. पुढे २०२४ च्या लोकसभेला इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेऊन भाजपची वाट धरली, काँग्रेसने उघडपणे नोटाचं आवाहन केलं आणि २ लाख १८ हजारांवर मतं नोटाला गेली. पक्ष उलटे, यंत्रणा तीच: मतदार आहे, कार्यकर्ता आहे, उमेदवार नाही.

आता दुसरी बाजू. २०१४ ला भाजपला एकट्याने नव्वद हजार मिळाली होती. २०१९ ला नोटा आणि सेना मिळून ४१ हजार. मग बाकीची गेली कुठे? एक वाट काँग्रेसकडे जाते. काँग्रेसची मतं एक लाखावरून १ लाख ३५ हजारांवर गेली. त्यातली काही आघाडीमुळे राष्ट्रवादीची आली असतील, काही विलासरावांच्या मुलाला पहिल्यांदा संधी म्हणून आली असतील. पण एक भाग नक्कीच असा होता की ज्याला आपला उमेदवार नसल्यावर शेजारच्या उमेदवाराला मत द्यायला हरकत नव्हती. कारखाना, बँक, नातीगोती यांत गुंतलेल्या गावात हे घडतंच. दुसरी वाट घराकडे जाते: कितीतरी लोक केंद्रावर आलेच नाहीत.

हे मी २०२४ चे आकडे पाहून ठामपणे म्हणतो. मधल्या काळात, मे २०२० मध्ये, भाजपने रमेश कराड यांना विधान परिषदेवर घेतलं. तेही गंमतीशीर वाटेने: पक्षाच्या अधिकृत उमेदवाराने माघार घेतल्यावर पर्यायी अर्ज भरलेले कराड पुढे आले आणि निवडणूक बिनविरोध झाली. २०१९ ला तोडलेला धागा पक्षाने असा पुन्हा जोडला. २०२४ ला लातूर ग्रामीण भाजपकडे परत आली, कराड तिसऱ्यांदा उभे राहिले. २३ नोव्हेंबरचा निकाल: कराड १,१२,०५१, धीरज देशमुख १,०५,४५६. फरक ६,५९५.

या दोघांची मतं मिळूनच २ लाख १७ हजार होतात. २०१९ ला सगळे उमेदवार आणि नोटा धरून झालेल्या मतदानापेक्षा ही बेरीज जास्त आहे. मतदारयादी वाढली हे मान्य, पण २०१९ ला दूर राहिलेला मतदार परत आला हेही त्यात दिसतं. आणि काँग्रेसची मतं पाहा: १ लाख, १ लाख ३५ हजार, १ लाख ५ हजार. मधली तीसेक हजार मतं पाहुणी म्हणून आली आणि गेली. काँग्रेसचं घरचं मत दहा वर्षं लाखाच्या आसपासच राहिलं.

चुकलेलं वाचन

म्हणून कराड यांचे तीन निकाल सलग ठेवले (साडेतेवीस हजारांनी पराभव, साडेदहा हजारांनी पराभव, साडेसहा हजारांनी विजय) तर एक सरळ चढण दिसते. २०१९ ही त्या चढणीतली एक गाळलेली जागा आहे. सव्वा लाखाचं मताधिक्य हे मतदारसंघाचं माप नव्हतं, कारण त्या दिवशी एक बाजू मैदानातच नव्हती.

२०२४ च्या निकालाला इतर कारणंही होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. हमीभाव ४,८९२ रुपये असताना लातूरच्या बाजारात सोयाबीन त्याच्या बरंच खाली विकलं जात होतं, त्याचा रोष सरकारवर होता. दुसरीकडे लाडकी बहीण योजनेचे पैसे खात्यावर आले होते. मराठा आणि ओबीसी आरक्षणाच्या वादाने गावोगाव रेषा ओढल्या होत्या. मराठवाड्यातल्या ४६ जागांपैकी काँग्रेसला एकच मिळाली, लातूर शहर, तीही अमित देशमुखांना ७,३९८ च्या फरकाने. अशा लाटेत लातूर ग्रामीणचा फरक फक्त साडेसहा हजार राहिला याचा अर्थ धीरज देशमुखांची लढत कमकुवत नव्हती. माझं म्हणणं इतकंच की पाच वर्षांपूर्वीचा सव्वा लाखाचा आकडा ज्यांनी खरा धरला त्यांना हा निकाल भूकंप वाटला. ज्यांनी नोटाचे २७,५०० नीट वाचले होते त्यांना अटीतटीची लढत आधीच दिसत होती.

एक गोष्ट काँग्रेसच्या बाबतीतही नोंदवायला हवी. २००९ ला शिंदे, २०१४ ला भिसे, २०१९ ला देशमुख: प्रत्येक वेळी नवा उमेदवार, २०१४ आणि २०१९ ला तर विद्यमान आमदाराला बाजूला करून. विद्यमान आमदारावरची नाराजी अशाने पुसली जात होती. २०२४ ला पहिल्यांदा पक्षाने आपला आमदार पुन्हा उभा केला आणि पहिल्यांदाच जागा गेली. या एका उदाहरणावरून नियम काढता येणार नाही, पण उमेदवारी ठरवणाऱ्यांनी ते पाहावं.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते मतदाराचं. लातूर ग्रामीणच्या हजारो लोकांना पाच वर्षं आपल्या पसंतीला मत देण्याची संधीच मिळाली नाही आणि हा निर्णय त्यांच्यापासून पाचशे किलोमीटरवर बंद खोलीत झाला. आघाड्यांचं राजकारण आता राज्यात कायमचं आहे, त्यामुळे हे पुन्हा कुठल्याही पक्षाच्या मतदाराच्या वाट्याला येऊ शकतं. राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी नोटाला थोडा जीव दिला: नोटा पहिला आला तर एकदा फेरनिवडणूक घ्यायची. विधानसभेला तसं काही नाही. तसं असतं तरी लातूर ग्रामीणमध्ये २०१९ चा निकाल बदलला नसता, कारण नोटा दुसरा होता. इलाज पक्षांच्याच हातात आहे. जागा वाटताना गेल्या दोन निवडणुकांत तिथे कुणाला किती मतं पडली हे आधी समोर ठेवावं आणि अदलाबदल करायचीच असेल तर ती निदान वर्षभर आधी तिथल्या कार्यकर्त्यांना सांगावी, म्हणजे मित्रपक्षाच्या उमेदवाराला गावं फिरायला वेळ मिळेल.

अभ्यासकांसाठी एक काम शिल्लक आहे. प्रत्येक निवडणुकीचा फॉर्म २० केंद्रनिहाय मतं दाखवतो आणि तो मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. २०१४ ची भाजपची, २०१९ ची नोटाची आणि २०२४ ची पुन्हा भाजपची मतं गावागावाने शेजारी ठेवावी. केंद्रांचे क्रमांक मधे बदलतात, म्हणून जुळवणी क्रमांकाने न करता गावाच्या नावाने करावी लागेल आणि मोठ्या गावांची केंद्रं एकत्र धरावी लागतील. रेणापूर तालुक्यात २०१४ ला कमळ जिथे पुढे होतं तिथेच २०१९ ला नोटा फुगलेला दिसला, तर वरचा तर्क पक्का होईल. तो सगळीकडे सारखा पसरलेला दिसला, तर मला हा लेख पुन्हा लिहावा लागेल.